चित्रनगरीतून लंडनच्या सेटवर येणाऱ्यांसाठी

मोरेवाडीच्या चित्रनगरीत मालिकेच्या युनिटवर चार-पाच वर्षं काढलेल्या माणसाला इथलं काम जड जात नाही. लाइट तोच, स्टँड तेच, ट्रॉलीचे रूळ तेच आणि घाईही तीच. जड जातं ते कामाच्या भोवतालचं. ते कोल्हापुरात कुणी शिकवत नाही आणि इथं आधी आलेली आपली माणसं अर्धवट सांगतात.

आधी पैसा, कारण बुडणारे बहुतेक तिथंच बुडतात. मोबदला दोन प्रकारे मिळतो. पगारावर घेतलं तर निर्मिती कंपनी कर कापून उरलेले पैसे देते. स्वतंत्र म्हणून घेतलं तर तुम्ही बिल द्यायचं आणि खात्यात पूर्ण रक्कम येते. ती पूर्ण रक्कम तुमची नसते. हे वाक्य मोबाइलच्या स्क्रीनवर लावून ठेवा. कराचं वर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल. ते संपल्यावर ५ ऑक्टोबरपर्यंत एचएमआरसीकडे, म्हणजे इथल्या कर खात्याकडे, नोंदणी आणि ३१ जानेवारीपर्यंत विवरणपत्र व पैसे, दोन्ही.

सध्याच्या दरांनी हिशेब बघा. खर्च वजा जाता ३०,००० पौंड उरले. पहिले १२,५७० करमुक्त. राहिलेल्या १७,४३० वर २० टक्के म्हणजे ३,४८६ आणि ६ टक्के नॅशनल इन्शुरन्स (सरकारी सामाजिक विम्याचा हप्ता) म्हणजे १,०४६. एकूण ४,५३२. लोक इथपर्यंत हिशेब करतात आणि थांबतात. पण पहिल्याच जानेवारीत पुढच्या वर्षाची निम्मी रक्कम आगाऊ मागतात, २,२६६. म्हणजे एका दिवशी ६,७९८ भरायचे आणि ३१ जुलैला परत २,२६६. तोवर फुलेवाडीच्या प्लॉटचा हप्ता गेलेला असतो, बहिणीच्या लग्नाला पाठवलेले असतात, आणि जानेवारीत इथं शूटिंगही मंद असतं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेलं की आपण सामान माडीवर हलवतो, ४३ च्या धोका पातळीची वाट बघत बसत नाही. तसंच करा. बिलाचे पैसे आले त्याच दिवशी एक तृतीयांश वेगळ्या खात्यात. उद्या नाही, महिनाअखेरीला नाही, त्याच दिवशी.

विद्यार्थी व्हिसावर असाल तर बिल द्यायचंच नाही. त्या व्हिसावर स्वतंत्र व्यवसाय चालत नाही आणि पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर काम चालत नाही. "बिल फाड रे, कुणाला कळतंय" असं सांगणारा हमखास आपलाच भाऊ असतो. व्हिसा त्याचा जाणार नसतो.

पगारावरच्यांनी करारातला एक शब्द शोधायचा: दर सुट्टीच्या पैशांसकट आहे की त्याशिवाय. सुट्टीचे १२.०७ टक्के कायद्याने मिळतात. "सगळं धरून ३०० पौंड" म्हणजे खरा दर सुमारे २६८. ओव्हरटाइम कोणत्या आकड्यावर मोजणार, हे सही करण्याआधी विचारा. विचारलं म्हणून इथं कुणी काम काढून घेत नाही. एक मात्र कबूल करायला हवं, पगारावरचे पैसे आठवड्याला येतात. आपल्याकडच्या ९० दिवसांच्या उधारीची सवय झालेल्याला आधी विश्वासच बसत नाही.

कॉलशीटवरची, म्हणजे रोजच्या शूटिंगच्या वेळापत्रकावरची, वेळ ही काम सुरू करण्याची वेळ, गेटवर पोचण्याची नव्हे. नाश्ता त्याच्या आधी, तुमच्या वेळेत. नेहमीचा दिवस १० तास काम आणि १ तास जेवण. काही ठिकाणी जेवणाला थांबत नाहीत, हातात डबा धरूनच खायचं आणि दिवस लवकर संपतो. दोन दिवसांच्या कामामध्ये ११ तासांची विश्रांती कायद्याने आहे. रात्री १० ला पॅकअप झालं तर सकाळी ९ च्या आत कॉल नको. पण प्रवास या ११ तासांतच जातो आणि खरा ताण तिथं आहे. दोन तास जायला-यायला गेले, अंघोळ-जेवणात आणखी दीड, मग झोप किती उरली? डोळे मिटायला लागले तर गाडी चालवू नका. प्रॉडक्शन ऑफिसला फोन करून राहायची सोय मागा. मागणं हा कमीपणा नाही. करारासोबत आठवड्याला सरासरी ४८ तासांची मर्यादा सोडण्याचा कागद सहीला येतो. सही केली तरी नोटीस देऊन ती मागे घेता येते, हे सहसा कुणी सांगत नाही.

सेटवर दुसऱ्या खात्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. आपल्याकडे स्पॉटदादा लाइट धरतो, लाइटवाला खुर्ची हलवतो, आणि त्याला माणुसकी म्हणतात. इथं ती ढवळाढवळ ठरते. ट्रॉली आणि क्रेन ग्रिपवाल्यांची, लाइट आणि त्यापुढचे प्रकाश अडवणारे कटर इलेक्ट्रिशियनांचे. अमेरिकेत कटर ग्रिपवाले लावतात, म्हणून तिथल्या व्हिडिओंवरून शिकून येऊ नका.

काडीपेटीच्या काड्या खुपसून सॉकेटात उघड्या वायरी बसवणं हे आपलं कौशल्य. इथं त्याच दिवशी घरी पाठवतील. १६ आणि ३२ अँपिअरचे निळे प्लग, वायरीवर तपासणीचं लेबल, आणि रिळावरची केबल पूर्ण उलगडून मगच लोड द्यायचा. गुंडाळलेली केबल आत तापते आणि वेष्टण वितळतं. सी-स्टँडचा (कटर धरायच्या तिपाई स्टँडचा) सगळ्यात उंच पाय वजनाच्या बाजूला, वाळूची पिशवी त्याच पायावर, आणि मूठ अशी लावायची की वजनाने ती आवळत जाईल. उलटी लावली तर हळूहळू सैल होते आणि कटर कलाकाराच्या डोक्यात.

गोऱ्यांचं बोलणं शब्दशः घेऊ नका. "यावर परत एकदा नजर टाकता येईल का" म्हणजे चुकलंय, आत्ता दुरुस्त कर. "वाईट नाही" ही शाबासकी. कुणी आरडाओरडा करत नाही, म्हणून नवखा समजतो सगळं झ्याक चाललंय. मग पुढच्या कामाला फोनच येत नाही. तेव्हा आठवड्यातून एकदा आपल्या वरच्याला स्वतःहून विचारा, काय बदलू? सर म्हणू नका, नावानेच हाक मारायची. जीभ अडखळते, पण जमतं.

सेटचा फोटो कुणालाही नाही, घरच्या ग्रुपवरही नाही.

थंडीला आत लोकरीचा थर, सुती नको, आणि सुके मोजे दोन जोड. कोल्हापुरी घरी ठेवा, सेटवर पोलादी टोकाचे बूट.

पहाटे ५ ला लंडनबाहेरच्या पाइनवुड किंवा शेपर्टन स्टुडिओकडे जायला बस-रेल्वेचा भरवसा नाही, गाडी लागतेच. भारतीय परवाना इथं राहायला आल्यापासून १२ महिनेच चालतो. इथल्या परीक्षेच्या तारखा महिनोन्महिने मिळत नाहीत, म्हणून अर्ज पहिल्याच महिन्यात करा. विमा घेताना कामासाठी वेगवेगळ्या ठिकाणी जाणार असल्याचं सांगा. घर ते एकच ऑफिस एवढ्याच प्रवासाचा स्वस्त विमा लोकेशनवर जाताना झालेल्या अपघाताला उपयोगी पडत नाही.