पायवाटेवर कुणी दचकू नये म्हणून

मी आधी वीसेक वर्षं नुसताच पायी हिंडलो, माउंटन बाइक हातात आली ती नंतर. त्यामुळे चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची, दोघांचीही चिडचिड मला आतून ठाऊक आहे. तिच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते, ती म्हणजे दचकणं. आपण आपल्या तंद्रीत चाललेलो असतो, पाठीमागून सायकल सुळकन निघून जाते, अंगाला काही लागत नाही, पण छातीत धस्स होतं. मग तो राग पुढच्या प्रत्येक सायकलवाल्यावर निघतो.

सायकलवाल्यांशी आधी बोलतो, कारण वेग आपल्या हातात असतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६८च्या कंट्रीसाइड अ‍ॅक्टने घोडेस्वारांच्या वाटा सायकलींना खुल्या केल्या, त्या एका अटीवर: चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. कायदा कुठलाही असो, मला हीच रीत पटते. मात्र आपल्या वाटेवर सायकलला मुळात परवानगी आहे का, हे निघण्याआधी बघा. नसेल तर तिथे जाऊ नका, वाट कितीही मोकळी दिसली तरी.

पुढे कुणी चालताना दिसलं की पंचवीस-तीस मीटरवरूनच वेग उतरवा. घंटी एकदाच, हलकी. अगदी जवळ जाऊन वाजवलेली घंटी हॉर्नसारखी अंगावर येते. मग तोंडाने बोला: “नमस्कार, मागून सायकल येतेय.” नुसतं “डावीकडून!” असं ओरडू नका. ऐकणाऱ्याच्या कानावर ‘डावी’ एवढंच पडतं आणि तो नेमका डावीकडे सरकतो. हे मी कितीतरी वेळा पाहिलंय.

आणि मान वळली नाही, तर ऐकूच गेलं नाही असं धरून चाला. हे मी फार वाईट तऱ्हेने शिकलो. एका अरुंद वाटेवर पुढे एक आजोबा काठी टेकत चालले होते. मी दोनदा घंटी वाजवली आणि ते कडेलाच आहेत म्हणून पुढे काढली. माझं हँडल त्यांच्या बाहीला घासलं. ते पडले नाहीत, पण काठी हातातून सुटली आणि ते तिथेच मटकन बसले. मी पाण्याची बाटली पुढे केली, तर झाकण फिरवायला त्यांची बोटं स्थिर राहत नव्हती. म्हणाले, “मला ऐकू येत नाही, म्हणून तर मी कडेने चालतो.” तेव्हापासून मान वळेपर्यंत मी मागे चालण्याच्या वेगाने राहतो. कधी उतरून सायकल हातात धरतो. त्यात एखादं मिनिट जातं, बस.

उताराचा हिशोब एकदा करून ठेवा. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ सात मीटर. माणूस दिसून बोटं ब्रेकवर आवळेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढं अंतर ब्रेक लागायच्या आधीच संपलं. शिवाय ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. ताशी १० च्या मानाने २५ला ते सहापट होतं, आणि सुट्या मुरमावर तर आणखी जास्त. म्हणून आंधळ्या वळणावर वेग एवढाच ठेवा, की जेवढी वाट दिसते तिच्या निम्म्यात थांबता येईल. उरलेली निम्मी समोरून येणाऱ्याची.

आता चालणाऱ्यांसाठी. सायकल दिसली की शेवटच्या क्षणी उडी मारू नका. जिथे आहात तिथे थांबा, सायकलवाल्याला तुमच्या बाजूने वळसा घेऊ द्या. बाजूला व्हायचंच असेल तर डोंगराच्या अंगाला व्हा, दरीच्या नव्हे. घोळक्यात असाल तर सगळे एकाच बाजूला. निम्मे इकडे, निम्मे तिकडे झाले की पलीकडचं पोर हमखास आईकडे धावतं, तेही ऐन सायकल येताना. कुत्रा असेल तर दोरी आखूड धरा, वाटेवर आडवी ताणलेली दोरी सायकलवरून दिसत नाही. हेडफोन निदान एका कानातून काढा.

चढावर कुणी धापा टाकत सायकल रेटत असेल आणि तुम्ही त्याला जाऊ दिलंत, तर तो तुमचा मोठेपणा. त्याने तो हक्क समजू नये. आभार मानायला दम उरला नसेल तर मान तरी हलवावी.

घोडा समोर आला तर दोघांनीही थांबायचं आणि स्वाराशी बोलायचं. माणसाचा आवाज आला की जनावर शांत राहतं.

पावसानंतर मऊ झालेली वाट मात्र दोघांनाही सांभाळायची आहे. डबकं चुकवून कडेने गेलात की वाट रुंदावते, गवत मरतं, आणि महिन्याभरात पायवाटेचं मैदान होतं. बूट भिजू द्या, चाक चिखलातून जाऊ द्या. चाक खोल रुतून चाकोरी पडत असेल तर त्या दिवशी सायकल घरीच बरी. मागचा ब्रेक करकचून दाबून चाक घसपटवणं तर नकोच. त्या चरातूनच पुढचं पाणी वाहतं आणि वाटेची घळ होते.

शेवटची एक सवय, गटाने सायकल चालवणाऱ्यांसाठी. पहिल्याने चालणाऱ्यांना सांगावं, “माझ्या मागे अजून तिघं आहेत.” पुढच्याने “अजून दोघं,” त्याच्या मागच्याने “अजून एक.” आणि शेवटच्याने न विसरता म्हणावं, “मी शेवटचा.” मग कडेला थांबलेली माणसं निर्धास्तपणे वाटेवर येतात.