शेजाऱ्यांच्या गुपितांवर रहस्यकादंबरी कशी लिहावी

शेजारपाजारच्या गुपितांवर कादंबरी लिहायची असेल, तर प्रेत कुठे सापडणार इथून सुरुवात करू नका. आधी हे ठरवा की या घरातली कोणती गोष्ट पलीकडच्या घरात कळता कामा नये, आणि का. अशा कथेत पोलीस उशिरा येतात, कधी येतही नाहीत. भीती असते ती रोज जिन्यात हसून बोलणाऱ्या माणसाची.

१. गुपितं एकमेकांत अडकवा

चार घरांत चार सुटी गुपितं ठेवली की कथा विस्कळीत होते. एकाचं गुपित उघड करायचं तर दुसऱ्याला स्वतःचंही सांगावं लागेल, अशी गाठ मारा. समजा, एका बाईनं रात्री खिडकीतून पाहिलं की शेजारच्या मुलाला कोणाच्या गाडीची धडक बसली. पण ती गप्प आहे, कारण ज्या घराच्या खिडकीतून तिनं ते पाहिलं, त्या घरात त्या वेळी तिनं असायलाच नको होतं. गाडी चालवणारा त्याच इमारतीतला. त्यानंच मुलाला उचलून दवाखान्यात नेलं. मुलाची आई त्याला देवमाणूस मानते आणि घराची जादा किल्ली विश्वासानं त्याच्याकडे ठेवते. त्याच्या बायकोनं गाडीवरचा पोचा पाहिलाय, पण विचारण्याची हिंमत तिला होत नाही.

इथे कोणीच पाताळयंत्री नाही. गप्प बसण्याचं प्रत्येकाचं कारण वाचकाला समजतं, आणि म्हणूनच तो अस्वस्थ होतो. गुपिताची किंमत आजही कोणीतरी मोजत असलं पाहिजे. जुन्या काळात घडून संपलेल्या भानगडीवर कादंबरी उभी राहत नाही.

२. कोणाला काय माहीत, याचा तक्ता करा

हे काम कंटाळवाणं वाटेल, पण टाळू नका. उभ्या रकान्यात पात्रं, आडव्या ओळीत प्रकरणं. प्रत्येक चौकटीत लिहा की त्या प्रकरणापर्यंत या माणसाला काय ठाऊक आहे, कशाचा नुसता संशय आहे आणि कशाबद्दल त्याचा चुकीचा समज झाला आहे. तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. बायकोला वाटतंय की नवरा त्या रात्री दारू पिऊन गाडी चालवत होता. प्रत्यक्षात तो वेगळ्याच कारणानं घाईत होता. अशा गैरसमजातूनच पुढचे प्रसंग आपोआप सुचतात. तक्त्यात शेवटची ओळ वाचकाची ठेवा.

३. वाचकाला कधी सांगायचं ते ठरवा

रहस्यपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकनं १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत धक्का आणि उत्कंठा यांतला फरक सांगितला होता. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल, तर स्फोटाचा धक्का १५ सेकंद टिकतो. आधीच ठाऊक असेल, तर तेच साधं संभाषण १५ मिनिटं श्वास रोखून ऐकलं जातं. आपल्या उदाहरणात गाडी कोणाची हे बऱ्यापैकी लवकर सांगून टाका. मग आईनं त्याच्या हातात किल्ली देण्याचा प्रसंग, एकही वावगा शब्द न येता, जीवघेणा होतो. ती बाई कोणाच्या खिडकीत उभी होती, हे मात्र शेवटाकडे राखून ठेवा.

४. पुरावे रोजच्या जगण्यातून आणा

भिंतीपलीकडून येणारे आवाज, दिवा मालवण्याची वेळ, दुसऱ्यासाठी घेऊन ठेवलेलं पार्सल, नेहमीची जागा सोडून लावलेली गाडी, सोसायटीच्या ग्रुपवर टाकून लगेच खोडलेला संदेश. शेजाऱ्याला शेजाऱ्याचं वेळापत्रक पाठ असतं, त्यामुळे त्यातला बारीकसा बदलही त्याच्या नजरेला खुपतो. महत्त्वाचा धागा परिच्छेदाच्या मध्यावर, एखाद्या भांडणाच्या ओघात पेरा. वाचकाच्या नजरेखालून तो गेलाच पाहिजे, पण थांबून पाहावासा वाटता कामा नये.

५. निवेदकाशी प्रामाणिक राहा

‘मी’ म्हणून सांगणारं पात्र काही गोष्टींना बगल देऊ शकतं, पण त्यानं जे पाहिलं म्हणून सांगितलं ते खोटं निघालं, तर वाचक स्वतःला फसवला गेला असं मानतो. लपवाछपवीला त्या पात्राच्या स्वभावातच कारण हवं. पहिल्या कादंबरीसाठी दोन निवेदक पुरेत.

६. उलगडा निर्णयातून घडवा

चुकून कानावर पडलेलं बोलणं किंवा अचानक सापडलेली डायरी यांवर शेवट सोपवू नका. कोणीतरी जाणूनबुजून तोंड उघडावं आणि त्याची झळ स्वतः सोसावी. उलगड्यानंतर निदान एक प्रकरण ठेवाच: हीच माणसं दुसऱ्या दिवशीही त्याच जिन्यात समोरासमोर येणार आहेत, आणि ते कसं घडतं हे वाचकाला पाहायचं असतं.

पहिला खर्डा झाला की एकेका पात्राचे प्रसंग वेगळे काढून सलग वाचा आणि तक्त्याशी ताडून पाहा. माहीत नसलेली गोष्ट कोणी बोलून गेलंय का, हे तेव्हाच सापडतं.