सुकून: स्वेटशर्टावर उर्दू शब्द भरताना

माझी भाची धारवाडला होस्टेलात असते. दिवाळीला बेळगावात आली तेव्हा म्हणाली, "मावशी, तिकडं सगळं हाय, पण सुकून नाही बघ." तोच शब्द मी तिच्या थंडीच्या स्वेटशर्टावर भरला. तुम्हीही शब्द असाच घ्या, ज्याला द्यायचा त्याच्या तोंडचा.

खडेबाजारातून गडद निळा, आतून लव असलेला सुती स्वेटशर्ट आणला. आधी एकदा धुवा; सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं, आणि भरल्यावर आटलं की अक्षरं चुरमडतात. मग आतून पातळ फ्यूजिंग, म्हणजे मागे गोंद असलेलं अस्तर, इस्त्रीने चिकटवा, नाहीतर ताणणारं कापड टाक्याबरोबर गोळा होतं.

खरं काम अक्षरांचं. मला उर्दू वाचता येत नव्हतं. शेजारच्या चाची उर्दू शाळेत शिकवायच्या. त्यांनी नस्तालीक, म्हणजे उर्दूच्या नेहमीच्या वळणात शब्द मोठा लिहून दिला आणि एकेक अक्षर समजावलं. वाचायचं उजवीकडून. पहिला सीन, त्याला ठिपके नाहीत. वर तीन दिले की तो शीन. मग काफ, त्याच्यावर एकच तिरकी रेघ. दुसरी ओढली की गाफ. पुढे वाव. वाव पुढच्या अक्षराला कधीच जोडत नाहीत, म्हणून शेवटचा नून सुटा राहतो. ती फट चूक समजून टाक्याने बुजवू नका. नूनच्या वाटीत एक ठिपका. तो राहिला तर शब्द नाकात, 'सुकूँ' असा वाचला जातो. शायरीत तसा येतोही, पण भाची बोलली तो नून पुरा होता. संगणकावरून शब्द काढलात तर तोही जाणत्याला दाखवाच. उर्दूची सोय नसलेल्या प्रोग्रॅममध्ये अक्षरं सुटी आणि उलट्या क्रमाने पडतात.

शब्द बटर पेपरवर गिरवून छातीवर धावदोऱ्याने टाचा. बटर पेपर दोन्हीकडून सारखाच दिसतो! मी पहिल्यांदा पालथा टाचला, अर्धा शब्द आरशातल्यासारखा भरला आणि सगळी संध्याकाळ उसवण्यात गेली. म्हणून कागदाच्या उजव्या कोपऱ्यात आधी बाण काढा.

दोऱ्याचे सहापैकी तीन पदर घ्या. बारीक टोकांना उलटी टीप, जाड पोटाला सॅटिन टाका, म्हणजे एकमेकांना लागून आडवे टाके. नस्तालीकचा डौल या जाड-बारीकपणातच आहे. रिंगमध्ये कापड सपाट बसवा, ताणू नका. ठिपका अगदी शेवटी. चाचींनी लिहितानाच सांगितलं होतं, "पैले हर्फां, नुख्ते बादमें." भरून झालं की कागद हलक्या हाताने फाडून काढा, अडकलेले तुकडे चिमट्याने. ठिपका देण्याआधी मी शर्ट चाचींकडे नेला. त्यांनी सीनची दांडी थोडी लांबवायला सांगितली, ती लांबवली.

धुताना उलटा करून, गार पाण्यात. सावलीत वाळवा, आणि इस्त्री फिरवायचीच तर खाली जाड टॉवेल घालून उलट बाजूने.