सीएसएस शिकताय? या चुका टाळा

‘आम्हाला प्रोग्रामिंग येत नाही, सीएसएस जमेल का?’ सांगली-साताऱ्यातल्या छापखान्यांत डीटीपी करणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न. जमतं. सीएसएस म्हणजे वेबपानाचं रंगरूप आणि मांडणी ठरवणारी भाषा. १९९६ मध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती आली ती मजकूर आणि मांडणी वेगळी ठेवण्यासाठी, आणि पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये शीर्षकाची स्टाइल बांधणारा माणूस तेच करत आलाय. कशाला, कोणता गुण, किती. एवढंच लिहायचं असतं. घोळ होतो तो घाईने.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे दिसेल तिथे ‘इम्पॉर्टंट’ ठोकणं, म्हणजे ‘!important’ लिहून ती ओळ जबरदस्तीने जिंकवणं. मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याच्या पानावर भावाचा रकाना लाल करायचा होता. ‘.भाव’ या क्लासला (अनेक घटकांना देता येणारं नाव) लाल रंग दिला, रकाना काळाच. कारण वर ‘#तक्ता टीडी’ला, म्हणजे ‘तक्ता’ हा आयडी (एकाच घटकाचं नाव) असलेल्या तक्त्याच्या प्रत्येक चौकटीला, काळा दिलेला होता, आणि एका आयडीपुढे कितीही क्लास जोडले तरी हरतात. ‘खाली लिहिलेलं जिंकतं’ हे फक्त वजन (आयडीचं जास्त, क्लासचं कमी) सारखं असेल तेव्हाच खरं. कारण न शोधता इम्पॉर्टंट लावलं, रंग आला. मग भाव उतरल्यावर हिरवा हवा, तो येईना, तिथेही इम्पॉर्टंट. छापताना काळा हवा, पुन्हा तेच. शेवटी कुठला रंग कुठून येतोय हेच कळेना आणि फाइल नव्याने लिहावी लागली. खरी दुरुस्ती एका ओळीची होती: ‘#तक्ता .भाव’. माझी सवय विचाराल तर रंगरूपासाठी आयडी वापरायचाच नाही. आणि रंग लागला नाही की आधी त्या रकान्यावर राइट क्लिक, इन्स्पेक्ट. काट मारलेली ओळ हरलेली. जिंकलेली तिच्या वर दिसते. एवढं बघायला अर्धा मिनिट लागतो, तेवढाही धीर नसेल तर शिकणं कठीण आहे.

अर्धविराम विसरला तर ती ओळ आणि तिच्या खालची, दोन्ही जातात. ब्राउझर चकार शब्द काढत नाही.

वर्डमधून कोड चिकटवू नका. फाँटच्या नावाभोवतीची वळणदार अवतरणं नावाचाच भाग धरली जातात आणि फाँट सापडत नाही.

मराठीला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधली जादा जागा) देऊ नका, शिरोरेषा तुटते. लाइन-हाइट (ओळीची उंची) १.६ पासून सुरू करा. कमी ठेवली की वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना टेकतात.

बदल दिसत नसेल तर फाइल पुन्हा लिहायला घेण्याआधी कंट्रोल-शिफ्ट-आर दाबा. बऱ्याचदा ब्राउझर जुनीच फाइल दाखवत असतो.