क्लबचा मॉडेल रेल्वे लेआउट उभारताय? या चुका टाळा

एकट्याने घरी केलेला लेआउट आणि आठ-दहा जणांनी आपापल्या घरी बोर्ड (लेआउटचे सुटे तुकडे) करून हॉलमध्ये जोडलेला लेआउट, ही दोन वेगळी कामं आहेत. घरच्या लेआउटमध्ये चूक झाली तर करणारा ती जागेवरच निस्तरतो. क्लबच्या लेआउटमध्ये चूक बहुतेकदा दोन बोर्डांच्या मधल्या सांध्यात असते, आणि ते दोन्ही बोर्ड आपापल्या घरी बिनचूक चाललेले असतात. पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वेचं संग्रहालय 1998 पासून सुरू आहे. तिथला एचओ मापाचा लेआउट एकाच जागी कायमचा उभा आहे. आपला लेआउट दर प्रदर्शनाला सुटतो, जिन्यावरून उतरतो, टेम्पोत हलतो आणि परत जुळतो. त्यामुळे इथे सांध्यांकडे आधी लक्ष द्यायचं, देखाव्याकडे मग.

इथली मापं एचओसाठी (1:87, गेज 16.5 मिमी) आणि डीसीसीवर (रुळांतून डिजिटल संदेश देऊन प्रत्येक इंजिन वेगळं चालवायची पद्धत) चालणाऱ्या गाड्यांसाठी आहेत. एन मापात (1:160, 9 मिमी) आकडे बदलतील, कारणं तीच राहतील.

प्लाय आधी कापणं, नियम नंतर ठरवणं

सर्वात महागात पडणारी चूक हीच. उत्साहात प्रत्येक जण सुताराकडे जातो आणि महिन्याभराने कळतं की एकाचा रूळ बोर्डाच्या मधोमध आहे, तर दुसऱ्याचा कडेपासून 10 सेंमीवर. आधी एका कागदावर सगळं लिहून काढा: जमिनीपासून रुळाची उंची, टोकाच्या पाटीचं (बोर्डाच्या टोकाची उभी फळी, जिला पुढचा बोर्ड जोडतात) माप, तिच्यातली भोकं, रुळाची जागा, दुहेरी मार्ग असेल तर दोन रुळमार्गांच्या मध्यरेषांमधलं अंतर, किमान वळण, तारेची जाडी, जोडणीचा प्रकार, कपलिंग, चाकं. नवे नियम शोधत बसण्यापेक्षा तयार घ्या. अमेरिकेची एनएमआरए ही संघटना 1935 पासून अशी मापं ठरवते आणि युरोपात एनईएम मानकं आहेत. मॉड्यूलसाठी, म्हणजे अशा सुट्या बोर्डांसाठी, युरोपातल्या फ्रेमो या संघटनेची पद्धत मुरलेली आहे, त्यांच्याकडे रूळ जमिनीपासून 1300 मिमीवर असतो. लहान मुलांना बघता यावं म्हणून तुम्ही तो 1000 मिमीवर ठेवलात तरी चालेल. फक्त सगळ्यांचा तेवढाच हवा.

उंची मोजायची ती रुळाच्या माथ्यापर्यंत. नेमकं इथेच बरेच जण घसरतात. बोर्डाच्या वरच्या कडेपर्यंत मोजलं, मग एकाने रुळाखाली 3 मिमीचा कॉर्क टाकला आणि दुसऱ्याने 5 मिमीचा, की सांध्यात 2 मिमीची पायरी तयार. कोड 100 आणि कोड 83 हे वेगळ्या उंचीचे रूळ मिसळले तरी हा प्रश्न येतो. पहिल्याची उंची 2.54 मिमी, दुसऱ्याची 2.1 मिमी. हा अर्ध्या मिमीचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण चाकाची कडा म्हणजे फ्लँज तिथे उडते.

टोकाची पाटी प्रत्येकाने आपली आपण करणं

टोकाच्या पाट्या एकाच सुताराकडून, एकाच दिवशी, एकाच फर्म्यावरून कापून आणि भोकं पाडून घ्या, आणि मग सभासदांना वाटा. बाकीची चौकट ज्याची त्याने करावी. फर्मा 3 मिमीच्या लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा हवा. प्लायच्या फर्म्याची भोकं दहा-बारा वेळा ड्रिल फिरलं की रुंदावतात.

भोकं रुळाच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर हवीत. दुहेरी मार्ग असेल तर दोन्ही मार्गही मध्यरेषेपासून समान अंतरावर. असं केलं तरच बोर्ड उलटा फिरवून लावता येतो. एका बाजूला झुकलेली भोकं ठेवली आणि कुणी फर्मा पालथा धरला, की तो बोर्ड कशालाच जुळत नाही.

हिशेब करताना करवतीचा काप विसरू नका. 8 बाय 4 फुटांच्या (2440 × 1220 मिमी) शीटमधून 100 मिमी रुंदीच्या लांब पट्ट्या 12 निघतील असं वाटतं. प्रत्येक कापात साधारण 3 मिमी जातात, म्हणून 11 च निघतात. 12 मिमीचा, आयएस 710 दर्जाचा (मरीन) प्लाय घ्या. साधा एमआर प्लाय कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात वाकतो, आणि टोकाची पाटी वाकली की गुण्या लावून साधलेला काटकोन गेलाच.

बोर्डाच्या कडा जुळवून बोल्ट आवळणं

एम8 चा बोल्ट असेल तर भोक 10 मिमीचं ठेवा. बोल्ट फक्त धरून ठेवण्यासाठी आहे, त्याने जागा ठरत नाही. जागा ठरवायची ती धातूच्या डॉवेल पिनांनी. पिना नसतील तर बोल्ट सैल ठेवून बोट रुळावरून फिरवा, दोन्ही रूळ आतून-बाहेरून आणि वरून सलग लागले की मगच आवळा. प्लायची कड एकसारखी दिसते म्हणून आवळून टाकलं तर रूळ अर्धा मिमी सरकलेला राहतो, आणि शंटिंग करताना त्याच जागी डबा पडत राहतो. बोल्टला दोन्ही बाजूंनी मोठे वॉशर हवेतच, नाहीतर दोन-तीन प्रदर्शनांत बोल्टचं डोकं प्लायमध्ये रुतून बसतं.

बोर्डाच्या टोकाला रूळ नुसते खिळ्यांवर किंवा फेविकॉलवर सोडू नका. नेताना-आणताना पहिला धक्का त्यांनाच बसतो. टोकाशी तांब्याचा थर असलेली पीसीबीची पट्टी दोन स्क्रूंनी घट्ट बसवा आणि रूळ तिच्यावर सोल्डर करा. दोन रुळांच्या मधोमध पट्टीवरचं तांबं करवतीने खरवडून तोडायला विसरलात, तर तिथेच शॉर्ट. सांध्यापासून 15 सेंमीच्या आत पॉइंट (गाडीचा मार्ग बदलणारा सांधा) ठेवू नका आणि वळणावर सांधा आणू नका. रूळ टोकाच्या पाटीशी काटकोनातच आला पाहिजे.

पावसाळ्यात रूळ घट्ट जोडणं

रूळ वाकडेतिकडे झाले की सगळे उन्हाला दोष देतात. उन्हाचा वाटा असतो, पण थोडा. निकेल सिल्व्हरचा मीटरभर रूळ 25 अंश तापमान वाढल्यावर जेमतेम 0.4 मिमी वाढतो. खरा खेळ लाकडाचा असतो. जुलैत हवेतली ओल शोषून बोर्ड फुगलेला असतो. त्याच वेळी तुम्ही रूळ एकमेकांना भिडवून बसवता. एप्रिलमध्ये लाकूड सुकून आक्रसतं, त्याच वेळी रूळ वाढतात. दोन्ही एकाच दिशेने दाबतात आणि फ्लेक्स ट्रॅक (हवा तसा वाकवता येणारा रूळ) बाजूला फुगतो. शक्यतो हे काम कोरड्या दिवसांत करा. पावसाळ्यात करावंच लागलं तर दर मीटरला एका सांध्यात 1 मिमीची फट सोडा. प्लायला सर्व बाजूंनी, विशेषतः कापलेल्या कडांना, रंगाचे किंवा वॉर्निशचे दोन हात द्या. बोर्डाचा फक्त वरचा भाग रंगवला तर तो हमखास वाकतो, कारण खालून ओल आत जात राहते.

वळण आणि चढ जागेच्या मापाने कापणं

एलएचबी या भारतीय रेल्वेच्या प्रवासी डब्याची लांबी 23.54 मीटर, एचओत ती 270 मिमी होते. डबा नीट चालावा आणि वाईट दिसू नये यासाठी वळणाची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या तिप्पट तरी हवी, म्हणजे 810 मिमी. खेळण्यांच्या संचात मिळणारं 18 इंची (457 मिमी) वळण मालगाडीच्या छोट्या वाघिणींना चालतं. त्यावर एलएचबी डब्यांचे कोपरे एकमेकांना अडकतात आणि डबा बाहेर पडतो. शेजारच्या मार्गावरचा डबाही वळणावर बाहेर झुकतो, म्हणून सरळ भागात दोन मार्गांमध्ये 50 मिमी पुरले तरी वळणावर 60 किंवा जास्त ठेवा. दोन सर्वांत लांब डबे शेजारी-शेजारी हाताने ढकलून बघा आणि मगच खडी टाका.

बोरघाट करायची इच्छा आपल्याकडे प्रत्येक क्लबला होते, आणि व्हायलाच हवी. कर्जत ते लोणावळ्याचा 1:37 चा चढ हा आपला अभिमान आहे. पण हिशेब बघा. एका मार्गावरून दुसरा न्यायचा तर ओएचईच्या (रुळांवरच्या विजेच्या) तारा धरून सुमारे 100 मिमी उंची लागते. 1:37 ने तेवढं चढायला 3.7 मीटर हवेत, शिवाय चढ हळूहळू सुरू करायला आणि संपवायला खाली-वर 30-40 सेंमी. म्हणजे 1.2 मीटरचे जवळजवळ चार बोर्ड. त्यासाठी दोनच राखून ठेवले की चढ 1:20 वर जातो आणि इंजिन जागेवर चाकं फिरवत बसतं. वळणाचाही ओढीवर भार पडतो. ढोबळ हिशेबाने 800 मिमीच्या वळणावरचा 1:37 चढ इंजिनाला 1:27 सारखा लागतो. खऱ्या घाटात मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लावतात, इथेही लावा. मात्र त्या इंजिनांचा वेग आधी जुळवून घ्या, नाहीतर मागचं इंजिन मधले हलके डबे वळणावर बाहेर ढकलून देतं.

बारीक तार आणि रंगावर भरवसा

बोर्डांखालून जाणारी मुख्य वीजवाहिनी म्हणजे बस. तिला 2.5 चौ. मिमीची तांब्याची मल्टिस्ट्रँड तार वापरा. 20 मीटरच्या लेआउटमध्ये जाऊन-येऊन 40 मीटर तार होते. 2.5 चौ. मिमीत तिचा रोध सुमारे 0.3 ओहम, म्हणजे 3 अँपिअरला साधारण 0.9 व्होल्ट पडतात. तीच तार 0.5 चौ. मिमीची घेतली तर 4.5 व्होल्टपर्यंत पडतात, आणि 15 व्होल्टमधले एवढे गेले की शेवटच्या बोर्डावर इंजिन रांगतं. प्रत्येक रुळाच्या तुकड्याला स्वतःची छोटी फीडर तार द्या. रेल जॉइनरमधून (दोन रूळ जोडणाऱ्या धातूच्या पट्टीतून) वीज जाईल या भरवशावर राहू नका. खडीचा गोंद आणि रंग त्यात शिरतो आणि वर्षभरात तो जोड मृत होतो.

लाल-काळ्या रंगांचा घोळ तर ठरलेला. ‘लाल म्हणजे प्रेक्षकांकडचा रूळ’ असा नियम केला आणि बोर्ड उलटा लावला, की लाल तार पलीकडच्या रुळाची होते आणि जोडताक्षणी शॉर्ट. त्याऐवजी जोडणी जागेवरून ठरवा. बोर्डाच्या टोकासमोर, बाहेर उभं राहून रुळांकडे बघा: उजव्या हाताच्या रुळाच्या तारेला प्लग, डाव्या हाताच्या रुळाच्या तारेला सॉकेट. दोन्ही टोकांना हाच नियम. आता कुठलाही बोर्ड कसाही फिरवा, प्लगसमोर सॉकेटच येतं आणि रूळ बरोबर रुळालाच जोडला जातो.

सगळं जोडून झाल्यावर रुपयाचं नाणं रुळांवर आडवं ठेवा. रुळांना वीज देणारा बूस्टर लगेच बंद पडला पाहिजे. ही चाचणी प्रत्येक बोर्डावर आणि प्रत्येक पॉइंटच्या पुढे-मागे करा. जिथे नाणं ठेवूनही वीज चालूच राहते, तिथे तार बारीक आहे किंवा जोड ढिला आहे. तिथे खरी गाडी घसरली तर चाकं आणि बोगी तापून वितळतील.

खडीत चुंबकीय कण

आपल्याकडची काळी कच खडी म्हणून फार सुंदर दिसते, सह्याद्रीच्या दगडाचा तोच खरा रंग. पण या बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं खनिज असतं. बारीक कण इंजिनाच्या मोटरला चिकटतात आणि गिअरमध्ये जातात. चाळून घेतल्यावर पातळ कागदात गुंडाळलेला चुंबक कचीवरून चार-पाच वेळा फिरवा, कागदाला काळी पूड चिकटायची थांबेपर्यंत. चिकटवायला एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी आणि भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब. पॉइंटच्या हलत्या पात्यांजवळ हे मिश्रण ड्रॉपरने थेंबथेंब सोडा, फवारू नका.

गाडी पडते, दोष कुणाचा?

वाद घालण्याआधी हे पाहा. एकाच जागी सगळे डबे पडत असतील तर दोष रुळाचा. एकच डबा सगळीकडे पडत असेल तर त्या डब्याचा. एकच डबा एकाच जागी पडत असेल तर दोन्हीकडे थोडं-थोडं कमी आहे. गेज मापकाने रूळ आणि चाकं दोन्ही तपासा. एचओत चाकांच्या पाठींमधलं अंतर 14.4 ते 14.5 मिमीच्या आसपास असावं.

वजनाचा एनएमआरएचा ठोकताळा असा: 28 ग्रॅम, अधिक लांबीच्या दर इंचाला 14 ग्रॅम. एलएचबी डब्याला यातून साधारण 178 ग्रॅम येतात. 20 डब्यांची गाडी मग साडेतीन किलोंवर जाते आणि घाट चढत नाही, तेव्हा क्लबने थोडं कमी धरलं तरी हरकत नाही. सगळ्यांचं सारखं असणं जास्त गरजेचं आहे. हलका डबा पुढे आणि जड मागे लागला की वळणावर हलका आत ओढला जाऊन पडतो.

इंजिनातल्या डीसीसी संदेश वाचणाऱ्या नव्या डिकोडरचा पत्ता (ओळख क्रमांक) 3 असतो. दोघांनी नवी इंजिनं आणून थेट रुळावर ठेवली तर एका नॉबवर दोन्ही पळतात. क्लबची वही ठेवा, प्रत्येक सभासदाला पत्त्यांचा गट द्या आणि पत्ता बदलायचं काम वेगळ्या प्रोग्रॅमिंग रुळावरच करा.

शॉर्ट सापडत नसेल तर टोकापासून एकेक बोर्ड काढत बसू नका. मधोमध जोडणी सोडा, कोणत्या अर्ध्यात शॉर्ट आहे ते पाहा, मग त्या अर्ध्याचा अर्धा. 16 बोर्डांत चार वेळा सोडलं की दोषी बोर्ड हातात येतो. बॅलून लूप (गाडी फिरून त्याच मार्गावर उलट येते असं वळसा घेणारं वर्तुळ) असलेल्या बोर्डावर आधी संशय घ्या. तिथे दोन्ही रूळ दोन्ही टोकांना तोडलेले हवेत आणि ऑटो-रिव्हर्सरचा (ध्रुव आपोआप उलटवणाऱ्या उपकरणाचा) भाग सर्वांत लांब गाडीपेक्षा लांब हवा. डब्यांना धातूची चाकं असतील तर इंजिनाच्या लांबीवर हिशेब करून चालत नाही, मागचे डबेच दुसऱ्या टोकाला शॉर्ट करतात.

सोडताना प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकच क्रमांक लिहा, 7 ला 7, आणि बोल्ट त्याच बोर्डाच्या पिशवीत टाका. बोर्ड दोन-दोन करून, देखावा आतल्या बाजूला आणि टोकाला उंच पाट्या लावून बांधले की टेम्पोत झाडं आणि सिग्नल मोडत नाहीत. बोर्डाची लांबी ठरवतानाच हॉलच्या लिफ्टचा दरवाजा मोजून ठेवा.