तुटलेली तसबीह घरीच ओवायची तर

रमजानात तरावीहहून, म्हणजे रात्रीच्या जादा नमाजहून येताना अम्मीची तसबीह, म्हणजे अल्लाहचं नाव मोजायची मण्यांची माळ, माझ्या गाडीच्या हँडलला अडकून तुटली, अन् मणी गेले नागपूरच्या मोमिनपुऱ्याच्या रस्त्यावर घरंगळत. मोबाईलचा टॉर्च लावून वेचत बसलो तर ३१ सापडले. दोन ताजबागला दर्ग्याबाहेरच्या दुकानातून आणले, रंग काही जुळला नाही पण चालते.

तर ओवायच्या आधी मोजून घ्या. लहान तसबीह ३३ ची, मोठी ९९ ची. मधे दोन वेगळ्या आकाराचे मणी असतात, ३३ च्या तसबीहमधे ११ अन् २२ नंतर, ९९ मधे ३३ अन् ६६ नंतर, ते मोजणीत धरायचे नाहीत. टोकाला लांबट मणी असते तो इमाम, अन् त्याच्याखाली गोंडा. जपमाळ वापरणाऱ्यांना मेरूमणी आठवेल, पण इकडे तो ओलांडू नये वगैरे नियम नाही.

दोरा शिलाईचा घेऊ नका बाप्पा, अकीकसारख्या दगडी मण्याच्या भोकाची धार त्याले महिनाभरात कापते. विणलेली बारीक नायलॉन दोरी घ्या. ८ मिमीचे ३३ मणी म्हणजे नुसते मणीच जवळपास साडेसव्वीस सेंटीमीटर होतात, वरून मधले मणी, इमाम, गाठी, म्हणून ६०-७० सेंटीमीटर कापा, उरली तर उरली. सुई भोकातून जात नसेल तर दोरीचं टोक फेविक्विकमधे बुडवून कडक होऊ द्या अन् तिरपं कापा, झाली सुई.

११ मणी, मधला मणी, ११, मधला, ११, अन् मग दोन्ही टोकं एकत्र करून इमाममधून खाली काढा. आता इथं सगळेच चुकतात, मी पण चुकलो, दोरा ताणून गाठ मारली तर तसबीह काडीसारखी ताठ झाली अन् मणी सरकेच ना! दोन बोटं मावतील एवढा दोरा मोकळा पाहिजे. अंगठ्यानं मणी ओढला की सरकून पुढच्यावर टक् वाजला पाहिजे, अंधारात मोजणारा माणूस त्या आवाजावरच तर मोजते. ते जमलं की इमामखाली दोन गाठी, गोंडा बांधा, उरलेलं टोक लायटरनं दुरूनच वितळवा. गोंद गाठीवर थेंबभरच, इमामच्या भोकात गेला तर पुढच्या वेळी रडाल.

नवीन घ्यायची असेल तर अकीक गालाला लावून पाहा, दगड थंड लागते, प्लास्टिक नाही. आपल्याकडे गुजरातच्या खंभातचा अकीक जुना नावाजलेला, तिथले कारागीर दगड भाजून लाल करतात, तेव्हा लाल रंग दिसला की नकली असं लगेच म्हणू नका. चंदनाची असेल तर वजू करताना, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुताना, बाजूला ठेवा, अन् करबलाच्या मातीची, शिया लोकांकडे असते ती, तिले तर पाणी लागूच देऊ नका.

वापरायची कशी, तर नमाजनंतर ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह अन् ३४ वेळा अल्लाहु अकबर. ही तसबीह-ए-फातिमा, पैगंबरांनी आपल्या मुलीला, बीबी फातिमांना, झोपताना म्हणायला शिकवलेली. शिया मंडळी अल्लाहु अकबरपासून सुरू करतात. ३३ च्या तसबीहवर तीन फेऱ्या होतात, शेवटचा चौतिसावा काही जण इमामवर म्हणतात. अन् तसबीह नसली तरी काही अडत नाही, बोटांवर मोजायचं तर हदीसमधेच, म्हणजे पैगंबरांच्या वचनांतच आहे, काही उलमा, म्हणजे धर्माचे जाणकार, तेच जास्त पसंत करतात.

अम्मी रोज इशाच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजनंतर मोजत बसते, लाईट गेली असली तरी. माझे ते दोन मणी हाताखाली आले की एक सेकंद थांबते, म्हणते हे तुझे, अन् पुढं सरकवते.