ऑपरेशनची तारीख मिळाली? आता काय काय करायचं ते नीट समजून घ्या

डॉक्टर ऑपरेशन करावं लागेल म्हणाले की घरात सगळ्यांची धावपळ चालू होते, मुलगा डॉक्टरांशी बोलतो, सून फाईल सांभाळते, भाऊ पैशांचं बघतो, आणि ज्याचं ऑपरेशन आहे तो माणूस मात्र गप्प बसून असतो, त्याला कोणी धड काही सांगतच नाही. मला हे अजिबात पटत नाही. ज्याच्या पोटावर सुरी चालणार त्याला सगळं माहीत पाहिजे, आणि त्यानेही डॉक्टरांपासून काही लपवता कामा नये. खालचं सगळं हर्निया, पित्ताशयातले खडे, गर्भपिशवी, मूळव्याध अशा आधी ठरवून केलेल्या ऑपरेशनसाठी आहे. इमर्जन्सी असेल तर वाचत बसू नका, १०८ ला फोन करा.

तारीख पक्की करायच्या आधी

डॉक्टरांना तोंडावर विचारा, ऑपरेशन नाही केलं तर काय होईल, दुर्बिणीतून होणार का पोट उघडून, भूल कुठली, किती दिवस ॲडमिट, कामावर कधी जाता येईल. प्रश्न कागदावर लिहून न्या, कारण केबिनमध्ये गेल्यावर निम्मे विसरतात. आपल्याकडे गोव्यात 'चवथ (गणेशचतुर्थी) होऊंदे मग बघू' किंवा 'देवाचा कौल घेऊन सांगतो' असं फार चालतं. श्रद्धेला माझी हरकत नाही, पण थांबलं तर चालेल का हे आधी डॉक्टरांना विचारा आणि मग कौल घ्या, कारण हर्निया अडकला किंवा खडा नळीत उतरला तर तो चवथ बघून येत नाही.

कागदपत्रांचंही तेव्हाच बघायचं. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना गोव्यात २०१६ पासून आहे, ५ वर्षं किंवा जास्त गोव्यात राहणाऱ्यांसाठी, ३ माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला ४ लाखांपर्यंत कव्हर. कार्ड रिन्यू केलंय का बघा, तुमचं हॉस्पिटल योजनेच्या यादीत आहे का आणि तुमचं ऑपरेशन त्यात बसतं का हे ॲडमिट व्हायच्या आधी विचारा, नंतर नाही. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा म्हापसा-मडगावच्या जिल्हा हॉस्पिटलात जाणार असाल तर जुने रिपोर्ट, एक्स-रे, सोनोग्राफी सगळं तारखेप्रमाणे लावून एका फाईलमध्ये. सावंतवाडी-दोडामार्गकडून येणाऱ्यांनी तर नक्कीच, एका कागदासाठी परत घरी जाणं परवडत नाही. रक्त लागेल का आणि त्यासाठी रक्तदाते आणावे लागतील का तेही विचारून ठेवा.

भुलीच्या डॉक्टरांची भेट, ही सगळ्यात महत्त्वाची

रक्ताच्या तपासण्या, शुगर, ईसीजी, लागला तर छातीचा एक्स-रे झाला की फिटनेससाठी भुलीच्या डॉक्टरांकडे पाठवतात. लोकांना ही एक सही घ्यायची फॉर्मॅलिटी वाटते पण टेबलावर तुमचा श्वास, बीपी, हृदयाचे ठोके सतत बघणारा माणूस हाच, त्यामुळे याच्याशी जितकं मोकळं बोलाल तितकं तुमच्या फायद्याचं.

घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून घेऊन जा. सगळ्या म्हणजे सगळ्या, आयुर्वेदिक चूर्णं, अश्वगंधा, लसणीच्या कॅप्सूल, गुडघ्याला कोणी दिलेल्या पुड्या, सगळ्याच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, म्हणजे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, कधी थांबवायच्या आणि थांबवायच्या की नाही हे डॉक्टरच सांगणार, हृदयात स्टेंट घातलेल्या माणसाने शेजाऱ्याच्या सांगण्यावरून गोळी बंद करणं हे जिवावर बेतू शकतं. शुगरच्या काही गोळ्या (नावाच्या शेवटी ग्लिफ्लोझिन असतं त्या) साधारण ३ दिवस आधी थांबवतात, इन्सुलिनचा डोस बदलतात, बीपीच्या बऱ्याच गोळ्या त्या दिवशी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात पण काही नाही सांगत. म्हणून प्रत्येक गोळीचं नाव घेऊन विचारा आणि उत्तर पाकिटावरच पेनाने लिहून घ्या. आठवड्यातून एकदा घ्यायचं शुगरचं किंवा वजन कमी करायचं इंजेक्शन चालू असेल तर तेही सांगा, त्याने पोट उशिरा रिकामं होतं.

आता दारूचं. घरच्यांसमोर 'कधीतरी थोडी' सांगायचं आणि प्रत्यक्षात रोज संध्याकाळी फेणी, असं असेल तर घरच्यांना बाहेर थांबायला सांगा पण डॉक्टरांना खरं सांगा. रोज पिणाऱ्याची दारू हॉस्पिटलमध्ये एकदम बंद झाली की दोन-तीन दिवसांत थरथर सुटते, माणूस भ्रमात बडबडतो, झटकेसुद्धा येऊ शकतात, आणि आधी कळलं असेल तर डॉक्टर त्यासाठी औषध देऊ शकतात. सिगारेट-विडी ४ आठवडे आधी सुटली तर छातीला आणि टाके भरून यायला खूप फरक पडतो. हलणारा दात, कवळी, दमा, झोपेत घोरणं, कुठल्या औषधाची ॲलर्जी, आधी कधी भूल दिली तेव्हा तुम्हाला किंवा घरात कोणाला त्रास झाला असेल तर तो, हे सगळं न विचारता सांगा.

आदला दिवस

साबण लावून स्वच्छ आंघोळ, ऑपरेशनच्या दिवशी सकाळीही. ऑपरेशनच्या जागेचे केस घरी ब्लेडने काढू नका, बारीक कापलं तर तिथून इन्फेक्शन होतं, गरज असेल तर हॉस्पिटलमध्ये काढतात. नेलपॉलिश काढा, बोटांना मेंदी लावू नका, बोटाला लावतात त्या ऑक्सिजनच्या मशीनला अडचण होते. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, नाकातली चमकी सगळं घरी काढून ठेवा. सवाष्णीने मंगळसूत्र काढायचं कसं म्हणून बायका खूप कासावीस होतात, मला ते समजतं, पण ऑपरेशनमध्ये विजेवर चालणारं यंत्र वापरतात आणि अंगावर धातू असला तर तिथे भाजण्याचा धोका असतो. शिवाय हातापायाला सूज आली तर अंगठी, बांगडी रुतते.

उपाशी राहायचं म्हणजे नेमकं काय ते कळून घ्या. भुलीत पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं म्हणून हा नियम, कोणाला छळायला नाही. सर्वसाधारणपणे हलकं खाणं ६ तास आधी बंद, मटण-मासे-तळलेलं ८ तास आधी, साधं पाणी २ तास आधीपर्यंत, पण तुम्हाला हॉस्पिटल जी वेळ सांगेल तीच धरायची. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही, त्याला पण ६ तासच. चुकून काही खाल्लंत तर सांगून टाका, ऑपरेशन पुढे ढकलतील, बस.

ऑपरेशनच्या दिवशी

संमतीच्या फॉर्मवर सही पेशंटची लागते, तो सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर मुलाची किंवा नवऱ्याची नाही. इंग्लिश कळत नसेल तर मराठीत किंवा कोंकणीत समजावून सांगा म्हणा, तो तुमचा हक्क आहे. नाव काय, ऑपरेशन कशाचं, कुठल्या बाजूचं हे चार माणसं चार वेळा विचारतील, वैतागू नका, जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेल्या चेकलिस्टमध्येच ते आहे, चुकीच्या माणसाचं किंवा चुकीच्या बाजूचं ऑपरेशन होऊ नये म्हणून.

ओटी (ऑपरेशन थिएटर) थंडगार असते. कमरेतून भूल असेल तर पाठ वाकवून बसवतात, सुई टोचते, मग पाय गरम आणि जड होतात, तुम्ही जागे असता, ओढल्यासारखं कळेल पण दुखणार नाही, दुखलं तर लगेच बोला. पूर्ण भूल असेल तर थेट रिकव्हरीत डोळे उघडतात. घसा खवखवणं (श्वासाची नळी घातलेली असते), मळमळ, थंडी वाजून कुडकुडणं, लघवीला नळी, हाताला सलाईन, हे बहुतेक वेळा नेहमीचंच. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर खांदा दुखतो तो पोटात भरलेल्या गॅसमुळे, दोन-तीन दिवसांत कमी होतो.

नंतर

दुखणं सहन करत पडून राहू नका. दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, हलत नाही, आणि मग छातीत कफ साचतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. टाक्यांवर उशी दाबून धरून खोका, श्वासाच्या व्यायामाचं तीन बॉलचं खेळणं दिलं असेल तर दर तासाला त्यातून श्वास आत ओढा, आणि सिस्टर उठा म्हणाल्या की उठा. पहिल्यांदा उठताना चक्कर येते, कोणाला तरी धरूनच.

बघायला येणाऱ्यांना प्रेमाने थांबवा. सगळा वाडा वॉर्डात आला तर पेशंटला झोप मिळत नाही आणि खोकला-सर्दी फुकट मिळते. पहिले एक-दोन दिवस पेज ठीक, पण डॉक्टरांनी नेहमीचं खायला सांगितल्यावरही महिनाभर पेज आणि लोणच्यावर ठेवू नका, जखम भरायला प्रोटीन लागतं, अंडी, मासे, डाळ, दही द्या. माशाने जखम पिकते ही नुसती समजूत आहे.

पावसाळ्यात ड्रेसिंग ओलं झालं तर तसंच ठेवू नका, बदलून घ्या. जखमेला हळद, तेल, राख काही लावायचं नाही. ताप, जखमेतून पू, वाढत जाणारं दुखणं, लघवी न होणं, सतत उलट्या, एकाच पायाला सूज, यातलं काही झालं तर फॉलोअपची वाट न बघता हॉस्पिटलमध्ये जा, आणि दम लागला तर सरळ १०८. स्कूटर चालवणं, भरलेली कळशी उचलणं कधीपासून हे डिस्चार्जच्या वेळीच विचारा. आणि काढलेला भाग तपासणीला पाठवला असेल तर तो बायोप्सीचा रिपोर्ट कधी येणार, कुठून घ्यायचा ते कागदावर लिहून घ्या. टाके निघाले की लोक तिकडे फिरकतच नाहीत, पण तो रिपोर्ट आणून डॉक्टरांना दाखवल्याशिवाय फाईल कपाटात ठेवू नका.